स्वतः काढलेल्या पुस्तकाला वाचक हवेत? मग न्यूजलेटर सुरू करा, पण असं

ॲमेझॉनवर तुमच्या किती कॉप्या गेल्या ते दिसतं, पण घेतल्या कोणी ते कधीच कळत नाही, वाचकाचा ईमेल ते लेखकाला देतच नाहीत, त्यामुळे दुसरं पुस्तक आलं की परत पहिल्यापासून माणसं शोधत बसा. न्यूजलेटर, म्हणजे वाचकांना ठरावीक दिवसांनी पाठवायची मेल, करायचं ते यासाठी, वाचकांच्या ईमेलची यादी तुमच्या हातात राहते.

साइनअपची लिंक आधी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टाका. इन्स्टाच्या बायोमध्ये वगैरे नंतर. गोष्ट नुकतीच संपलीये, वाचक अजून त्यातच आहे, तेव्हाच विचारायचं. आणि नुसतं "सबस्क्राइब करा" लिहू नका हो, "थोरली बहीण घर सोडून गेली त्या रात्री नक्की काय झालं ते एका छोट्या कथेत लिहिलंय, ईमेल टाका, लगेच पाठवते" असं लिहा, बघा किती फरक पडतो. फक्त भेट म्हणून तेच पुस्तक देऊ नका, ते केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ईबुक फक्त ॲमेझॉनवरच ठेवायच्या त्यांच्या योजनेत, असेल तर 90 दिवसांच्या त्या मुदतीत ईबुक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटसुद्धा नाही. वेगळी कथा लिहा.

न्यूजलेटर पाठवायला कुठला प्लॅटफॉर्म घ्यायचा यावर फार डोकं लावू नका. सबस्टॅक फुकट आहे, पैसे घेऊन सबस्क्रिप्शन दिलंत तर 10 टक्के कापतात, वर पेमेंटची फी वेगळी. घोस्टच्या होस्टिंगला दरमहा पैसे लागतात पण कमिशन नाही. कुठलंही घ्या, यादी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढता येते ना तेवढं बघा आणि अधूनमधून काढून ठेवत जा.

पहिली मेल सगळ्यात महत्त्वाची. भेट द्या, पुढे किती दिवसांनी लिहिणार ते सांगा आणि एकच प्रश्न विचारा, "शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि का?" असा काहीतरी. लोक उत्तरं देतात, खरंच देतात, आणि त्या प्रत्येक उत्तराला स्वतः उत्तर द्या, कारण पुस्तक आल्यावर पहिल्या दिवशी घेणारी आणि रिव्ह्यू लिहिणारी माणसं यातूनच मिळतात.

न विचारता कोणाचाही ईमेल यादीत घालायचा नाही, ओळखीचा असला तरी. वैतागून लोक स्पॅम दाबतात, आणि ते प्रमाण 0.3 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका असं जीमेल स्वतःच सांगतं. मेल छोटी ठेवा, साधारण 102 केबीच्या पुढे जीमेल ती कापतं आणि तळाची अनसबस्क्राइबची लिंक नेमकी त्यातच दडते.

ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडली ते, बघून खूश किंवा नाराज होऊ नका, मेलमधली इमेज लोड झाली की ती उघडली असं धरतात, आणि 2021 पासून ॲपल मेल इमेज आधीच लोड करून ठेवतं, त्यामुळे न उघडलेली मेलही उघडलेली दिसते. क्लिक किती आणि उत्तरं किती आली ते मोजा.

यादी थोडी जमली की तुमच्यासारखंच लिहिणारा दुसरा लेखक गाठा, तुम्ही त्याचं पुस्तक तुमच्या वाचकांना सुचवा, तो तुमचं सुचवेल. पण त्याचं पुस्तक आधी वाचा, आवडलं तरच.