जंताची गोळी घ्यायच्या आधी कुठला जंत ते बघा

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो, "अहो आम्ही रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या पोराला जंत कसे होतील?" जंत म्हणजे वाडीवरच्या, उघड्यावर जाणाऱ्या लोकांचं दुखणं असं डोक्यात बसलेलं असतं. तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात साधारण 150 कोटी लोकांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत, म्हणजे ढोबळमानाने दर पाच-सहा माणसांत एक, आणि आपल्या देशात 1 ते 14 वयाच्या 22 कोटी पोरांना त्यांचा धोका आहे. आणि तिसरा मजला म्हणाल तर सुतकृमी नावाच्या प्रकाराला माती लागतच नाही, बालवाडीतला एक बाक आणि वाढलेली नखं एवढ्यावर त्याचं भागतं.

म्हणून मेडिकलमधून गोळी आणून गिळून मोकळं व्हायच्या आधी कुठला जंत आहे याचा जरा अंदाज घ्या, कारण त्यावरच ठरतं की पायाकडे बघायचं, हाताकडे, की अंथरुणाकडे.

शीतून गांडुळासारखं पण फिकट, पांढरट-गुलाबी, वीतभर किंवा त्याहून लांब काही पडलं तर तो गोल जंत. याची मादी दिवसाला दोन लाखाच्या आसपास अंडी घालते. अंडं शीतून बाहेर पडल्या पडल्या कुणाला लागत नाही, त्याला ओल्या उबदार मातीत दोन-तीन आठवडे तरी पिकावं लागतं, आणि ओली उबदार माती म्हटलं की आपलं कोकणच, पाऊस, सावली, पालापाचोळा सगळं आयतं. न्हाणीचं सांडपाणी जिथे सोडतो तिथेच आपण अळू लावतो ना, शेजारीच बारकं पोर "काय नाय होत" म्हणून शीला बसवलेलं असतं. आता अळूवडी खाऊन जंत होत नाहीत, ती उकडून तळून येते, पण अळू कापून आणलेले हात नुसते पाण्याखाली धरले आणि त्याच हातांनी कोथिंबीर चिरून वर भुरभुरवली तर झालंच काम. कच्चं खायचं ते सगळं, काकडी, मुळा, कोथिंबीर, वाहत्या पाण्यात चोळून धुवा. आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं म्हणजे संपलं असं समजू नका, त्याने जुलाबाचे जंतू मरतात पण गोल जंताचं अंडं क्लोरीनला दाद देत नाही, पावसात पाणी उकळूनच प्या. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तसा पूर आला की सेप्टिक टँकमधलं सगळं अंगणात येतं, गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे घालाच.

दुसरा अंकुशकृमी. हा शीत डोळ्यांना दिसत नाही, हा कळतो तो दमणुकीवरून. बाई भातलावणीला जाते, घरी येऊन परत चुलीशी, चेहरा पांढराफटक, हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या खाऊन पण चढत नाही, तेव्हा शौच तपासणी करायला हवी आणि नेमकी तीच कुणी करत नाही. याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, तिथून रक्तात, फुप्फुसात, मग घशातून गिळली जाऊन आतड्यात, आणि तिथे चिकटून रक्त पिते. शिरते त्या जागी खाज सुटते, बारीक पुळ्या येतात, आपण म्हणतो चिखल्या झाल्या. सगळ्या चिखल्या जंताच्या नसतात, बहुतेक बुरशीच्याच असतात, पण खाज आणि थकवा दोन्ही असेल तर तपासा. लावणीत चप्पल घालून उभं राहता येत नाही हे मला पण कळतं, उगाच सल्ला देत नाही, पण बागेत, मेरेवर, झाडाखाली जाताना तरी पायात काहीतरी हवं, आणि घरातल्या प्रत्येकाने, म्हाताऱ्यांनी सुद्धा, संडासच वापरायचा.

किनाऱ्यावरची गोष्ट थोडी वेगळी आहे. वाळूत कुत्रे घाण करतात, त्यांच्या जंताची अळी आपल्या पायात शिरली तर कातडीखाली लाल वळवळती रेघ पुढे पुढे सरकताना दिसते आणि खाजून जीव जातो. त्यासाठी शी तपासून काही निघत नाही, कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

आता सुतकृमी, शहरातला खरा पाहुणा. पोर रात्री झोपेत कुल्ले खाजवतं, चिडचिड करतं, सकाळी नखात अंडी. मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, म्हणून साध्या शौच तपासणीत हा बहुतेक वेळा सापडत नाही आणि लोक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून खूश होतात. याला सेलोटेप लागते. पोर उठल्या उठल्या, शी आणि अंघोळीच्या आधी, पारदर्शक टेपचा तुकडा घेऊन चिकट बाजू शीच्या जागेभोवती दाबायची, मग तीच बाजू लॅबमधून आणलेल्या काचपट्टीवर चिकटवायची, अशा लागोपाठ तीन सकाळी करा. निघाला तर गोळी सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी परत, कारण अंडी गोळीला पुरून उरतात. त्याच दिवशी चादरी, चड्ड्या गरम पाण्यात, नखं कापायची, आणि चादर झटकायची नाही.

चाबूकजंत म्हणूनही एक असतो, त्याच्यावर एकच गोळी फारशी चालत नाही, डॉक्टर तीन दिवस देतात.

शौच नमुना द्यायचा तर लॅबची डबी घ्या, श्रीखंडाचा डबा नको (आणतात हो, लेबलसकट). लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, सकाळचा ताजा नमुना तास-दोन तासांत पोचवा, कारण दिवसभर उकाड्यात ठेवला तर अंकुशकृमीच्या अंड्यातून अळ्या बाहेर येतात आणि आमचा गोंधळ होतो. शक्य असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने. गोल जंताचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, कडेने खडबडीत दिसतं, एकदा बघितलं की विसरत नाही.

गोळीचं सांगायचं तर 2015 पासून शाळा-अंगणवाडीत 1 ते 19 वयाच्या पोरांना अल्बेंडाझोल फुकट देतात, साधारण 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास, तारीख पुढेमागे होते म्हणून आशाताईंना विचारा. न तपासता सगळ्यांना का देतात? तर संघटनेचा नियम असा की 20 टक्क्यांच्या वर पोरांना जंत असतील तिथे वर्षातून एकदा आणि 50 टक्क्यांच्या वर असतील तिथे दोनदा सरसकट द्या, एकेकाची शी तपासत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. 400 मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या पोराला अर्धी, लहानांना चुरून पाण्यातून, मोठ्यांनी चावून, गिळायला लावू नका, घशात अडकते. ताप असेल त्या दिवशी नको. पोटुशी बाई, फिट येणारं माणूस, यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, डुकराच्या पट्टकृमीच्या गाठी मेंदूत असतील तर या गोळीने फिट येऊ शकते.

गोळीनंतर जरा पोट दुखणं, मळमळ चालते, जंत पडले तरी घाबरू नका. गूळ खाल्ल्याने जंत होत नाहीत आणि रात्री दात खाणारं प्रत्येक पोर जंताचं नसतं. आजीचं वावडिंग घ्या हवं तर, पण गोळीच्या जागी नको. मात्र पोराचं पोट फुगलं, शी बंद, हिरवी उलटी, असं दिसलं तर घरी गोळी देत बसू नका, जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो, रात्र असली तरी सिव्हिल गाठा.