पुश-पुलमधले दोन्ही मॉसफेट समान चालवण्यासाठी
१३७ किलोहर्ट्झच्या रेडिओ प्रक्षेपकातल्या पुश-पुल क्लास-डी ॲम्प्लिफायरमध्ये दोन मॉसफेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) आळीपाळीने चालू-बंद होतात. त्यांतला एक मॉसफेट नुसता कोमट आणि दुसरा हाताला चटका बसेल इतका गरम होत असेल, तर बहुधा दोघांचा चालू राहण्याचा काळ समान नसतो. मॉसफेट बदलण्यापूर्वी ड्राइव्ह, म्हणजे त्यांना चालू-बंद करणारा सिग्नल, तपासावा.

१. ऑसिलेटर दुप्पट, म्हणजे २७४ किलोहर्ट्झवर चालवावा; पुढचा फ्लिप-फ्लॉप ही वारंवारता निम्मी करतो.

२. तो सिग्नल ७४एचसी७४ फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉक पिनला द्यावा आणि क्यू-बार (क्यू या आउटपुटच्या उलट आउटपुट) डी पिनला जोडावा. ऑसिलेटरची लहर असमान असली, तरी क्यू व क्यू-बार यांवर परस्परविरुद्ध आणि नेमका निम्मा काळ चालू राहणाऱ्या लहरी मिळतात. प्रीसेट व क्लिअर या पिना ५ व्होल्टला जोडाव्यात. हे हमखास विसरले जाते.

३. दोन्ही आउटपुट प्रत्येकी एका अँड गेटमधून (दोन्ही इनपुट हाय असतील तरच हाय आउटपुट देणारे सर्किट) मॉसफेटच्या गेट ड्रायव्हरला द्यावेत; अँड गेटचे दुसरे इनपुट कीइंगसाठी, म्हणजे प्रक्षेपण चालू-बंद करण्यासाठी, वापरावे.

हे अँड गेट कृपया वगळू नका. ऑसिलेटर थांबला की फ्लिप-फ्लॉपचे एक आउटपुट हाय राहते, त्या बाजूचा मॉसफेट चालूच राहून ट्रान्सफॉर्मरमधून पुरवठ्याचा सगळा प्रवाह ओढतो आणि क्षणात जळतो. म्हणून ऑसिलेटर अखंड चालू ठेवून कीइंग त्या अँड गेटवरच करावे, आणि पहिली चाचणी प्रवाहाची मर्यादा लावता येणाऱ्या पॉवर सप्लायवर, कमी व्होल्टेजला घ्यावी.