हाँगकाँगला डिमसम खायला जाताय? या चुका टाळा

संध्याकाळी सातला हॉटेलात शिरायचं, डिमसम (वाफवलेले, तळलेले छोटे छोटे चिनी पदार्थ) मागायचं आणि वेटरने नकारार्थी मान हलवली की तोंड वाकडं करून बाहेर पडायचं. पहिली चूक दारातच होते. पारंपरिक कँटोनीज हॉटेलात डिमसम हे सकाळ-दुपारचं खाणं आहे. बहुतेक ठिकाणी तीनच्या सुमारास ते आटोपतं आणि रात्री तेच स्वयंपाकघर मासे, कोंबडी, सूप आणि भाताकडे वळतं. दिवसभर डिमसम देणारी नवी दुकानंही आहेत, पण ती वेगळी जात. रविवारी दुपारी बारालाही जाऊ नका. आज्जीपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं घर टेबलाभोवती बसलेलं असतं आणि तुम्ही हातात नंबराची चिठ्ठी घेऊन दारात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नऊला जा. दुपारी दोननंतर दर बऱ्याच ठिकाणी उतरतो, पण तोवर चांगले पदार्थही संपत आलेले असतात.

चहा नको, साधं पाणी द्या

या जागेला कँटोनीजमध्ये 'छा लाउ' म्हणतात, म्हणजे चहाची माडी. तिथे जाण्याला 'याम छा' म्हणतात, म्हणजे चहा पिणं. आपला चहा आणि त्यांचा छा हा मुळात एकच शब्द. तेव्हा बसल्याबसल्या 'कोणता चहा?' असं विचारलं जातं, त्यावर 'पाणी' हे उत्तर नाही. चहाचे पैसे माणशी लागतात. प्या, नाहीतर नुसता बघत बसा.

निवड सोपी आहे. 'पो लेइ' काळा, मातकट वासाचा, तेलकट खाण्यावर उतारा आणि किटलीत पडून राहिला तरी फारसा कडू न होणारा. 'हिउंग पिन'ला मोगऱ्याचा वास असतो. 'तित कुन याम' जरा कडक. 'सौ मेइ' हलका. 'गुक पो' म्हणजे पो लेइमध्ये वाळवलेली शेवंतीची फुलं. ठरत नसेल तर पो लेइ सांगून मोकळं व्हा. दूध-साखर मागू नका; दुधाचा चहा 'छा छान तेंग' नावाच्या वेगळ्या उपाहारगृहात मिळतो आणि तिथे तो झकास असतो.

बऱ्याचदा दोन किटल्या येतात. दुसरीत नुसतं गरम पाणी असतं, आणि नवखी मंडळी 'हा चहा फिका आहे' म्हणून तीच परत पाठवतात. पत्ती किटलीतच राहते, चहा कडक होत जातो, तो सौम्य करायला ते पाणी. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट सरकवून ठेवा, कोणीतरी येऊन भरून जाईल. वेटरला हाका मारत बसायची गरज नाही.

जुन्या, साध्या ठिकाणी टेबलावर एक मोठा रिकामा वाडगा दिसेल. तो सूपचा नव्हे. पहिला कढत चहा वाट्या, पेले, चमचे आणि चॉपस्टिकच्या टोकांवरून फिरवायचा आणि त्या वाडग्यात ओतायचा. भारी हॉटेलात हे करू नका, तिथे तो अपमान वाटेल.

चहा आधी इतरांना ओतायचा, सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला सर्वांत आधी, स्वतःला शेवटी. आपल्या पेल्यात कोणी ओतला की तर्जनी आणि मधलं बोट वाकवून टेबलावर दोन-तीनदा टकटक करा. वेश पालटून फिरणाऱ्या चीनच्या छ्येनलुंग बादशहाने सोबतच्या नोकराला चहा ओतून दिला. साष्टांग नमस्कार घातला तर बादशहाचं बिंग फुटायचं, म्हणून नोकराने बोटांनीच तो घातला, अशी दंतकथा सांगतात. खरी असो नसो, तोंडात घास असताना आभार मानायची याहून सोयीची रीत नाही.

सगळं एकदम मागवणं

या चुकीवर जरा थांबू, कारण चांगल्या जेवणाची सगळ्यांत जास्त माती हीच करते.

डोळ्यांसमोर आणा. सहा जणांचं टेबल. टेबलावर पदार्थांची छापील यादी आणि पेन. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा एकजण पेन उचलतो आणि चौदा खुणा करून कागद वेटरच्या हातात देतो. इथे आधी हे, मग ते असा क्रम नसतो. स्वयंपाकघरात जे तयार होईल ते निघतं. म्हणून सगळ्यांत आधी येतो दान तात, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा गोड टार्ट. मागोमाग दोन बाओ, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले पाव. मग दहा मिनिटांत एकावर एक रचलेल्या बांबूच्या परड्या. टेबल भरतं, फोन बाहेर निघतात, फोटो होतात. हार गाउ, म्हणजे कोळंबीचे डिमसम, नेमके सर्वांत खालच्या परडीत.

हार गाउचं आवरण गव्हाच्या स्टार्चचं असतं, त्यात थोडा टॅपिओकाचा स्टार्च. उकळतं पाणी घालून ते मळतात. वाफेतून काढलं की चकचकीत, अर्धपारदर्शक, आतली गुलाबी कोळंबी दिसेल इतकं पातळ. वरच्या मुरड्या मोजतात. सातपेक्षा कमी असल्या तर जुने खवय्ये नाक मुरडतात. हे सगळं गरम असेपर्यंतच. थंड झालं की स्टार्च घट्ट होतो, आवरण दुधाळ आणि चामट होतं, तळाच्या कागदाला चिकटतं. चॉपस्टिकने उचलायला गेलात की आवरण कागदावर राहतं आणि कोळंबी घरंगळते. मग 'एवढं नाव ऐकलं होतं, काही खास नाही' असा शेरा मारला जातो. खास होतं हो, पंधरा मिनिटांपूर्वी.

सवय अशी लावा: एका वेळी तीन, फार तर चार परड्या. एकूण अंदाज माणशी दोन ते तीन. पहिल्या फेरीत नाजूक पदार्थ, हार गाउ आणि सिउ माय (वरून उघडे, डुकराच्या मांसाचे डिमसम). दुसऱ्या फेरीत उष्णता धरून ठेवणारे: काळ्या सोयाबीनमधल्या बरगड्या, कोंबडीचे पाय. चेउंग फन, म्हणजे तांदळाच्या पातळ पापुद्र्याची गुंडाळी, आली की लगेच संपवा; तीही थंड झाली की रबर. कमळाच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, लो माय गाय, शेवटी. तो आधी खाल्लात तर पुढचं सगळं परतीच्या वाटेला लागेल. (पान खायचं नसतं. हो, खातात लोक.) गोड तर शेवटच्याच कागदावर लिहा. मिठवलेल्या अंड्याच्या बलकाचा लाउ सा बाओ अख्खा तोंडात कोंबू नका, आतला रस जीभ भाजतो. आधी फोडून वाफ जाऊ द्या.

नग मोजायलाही शिका. हार गाउ आणि सिउ माय एका परडीत साधारण चार; 'चार सिउ बाओ', म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचे बाओ, तीन. सहा जणांत एक परडी मागवली तर दोघं तोंड बघत बसणार.

परड्या ढकलगाडीवरून टेबलांमधून फिरवण्याची पद्धत आता मोजक्या ठिकाणी उरली आहे. तिथे जागेवर बसून वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. टेबलावरचं आपलं शिक्क्यांचं कार्ड घेऊन उठा, गाडीपाशी जा, परडी उचला, शिक्का मारून घ्या.

माशाच्या पाटीवरचा आकडा

ही चूक खिशाला लागते. रात्रीच्या जेवणात टाकीतला जिवंत मासा निवडायचा असतो. पाटीवर समजा ६८ लिहिलंय. ६८ हाँगकाँग डॉलरला अख्खा मासा, म्हणून टेबलावर आनंदीआनंद. पण तो भाव असतो एका 'लिउंग'चा.

हाँगकाँगच्या बाजारात वजनं जुनीच चालतात. एक 'गान' म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम, आणि एका गानचे १६ लिउंग, म्हणजे एक लिउंग जेमतेम ३८ ग्रॅमचा. (चीनच्या मुख्य भूमीवर याच वजनाचे ५०० ग्रॅम आणि १० भाग होतात, तिथून येणाराही इथे चुकतो.) टाकीतून निघालेला मासा २२ लिउंगचा भरला, तर ६८ गुणिले २२, झाले १,४९६. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, झाले साधारण १,६४६. मग बिल हातात आल्यावर 'फसवलं' म्हणून आरडाओरडा. फसवलेलं नसतं, पाटीवर लिउंग लिहिलेलं असतं, चिनी अक्षरात.

भावाच्या जागी आकडाच नसेल तर तो 'बाजारभाव'. तेव्हा मासा टाकीतून काढण्याआधी तीन गोष्टी विचारा: भाव लिउंगचा की गानचा, वजन किती, एकूण किती होतील. कागदावर आकडा लिहून घ्या. यात लाज कसली, स्थानिकही विचारतात. चौघांना एक ते सव्वा गानचा मासा पुरतो.

तो वाफवूनच मागा. गानभराचा मासा आठ-दहा मिनिटांत होतो. वर आलं, कांद्याची पात, सोया आणि कडकडीत तेल. काट्यालगतचं मांस किंचित पारदर्शक असलं तर स्वयंपाक्याने वेळ अचूक साधली असं समजा, कच्चा म्हणून परत पाठवू नका. वरची बाजू संपली की मासा उलटू नका. कोळ्यांच्या समजुतीप्रमाणे ती नाव उलटल्याची खूण. मधला काटा शेपटीकडून उचलून बाजूला काढा.

'बाक चित गाय' या पांढऱ्या कोंबडीचंही तेच. हाडाजवळ गुलाबी असणं ही तिची रीत. मंद गरम पाण्यात शिजवून बर्फाच्या पाण्यात टाकतात, म्हणून कातडी घट्ट आणि मांस रसाळ.

"भाजीच आहे, म्हणजे शाकाहारी"

नाही. मुळ्याच्या वड्यांत, लो बाक गोमध्ये, सुकट आणि चिनी सॉसेज असतं. हिरव्या पालेभाजीवर कालवांचा सॉस येतो. तळलेल्या अळकुडीच्या गोळ्यात डुकराचा खिमा. पेस्ट्रीत चरबी. रोजच्या सूपाखाली बहुधा हाडं. 'मांस नको' म्हटलं तर तुकडे काढून देतील, रस्सा तोच.

म्हणायचं 'ङो सिक जाय', म्हणजे मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खातो. (शाळेत पाठ केलेला ङ अखेर कामाला आला.) 'जाय'मध्ये कांदा-लसूणही येत नाही, त्यामुळे जैन मंडळींचं निम्मं काम होतं, अळकुडी आणि कमळाच्या देठांचं मात्र स्वतंत्र विचारावं लागतं. कडक पाळणाऱ्यांनी नेहमीच्या हॉटेलात डोकेफोड करूच नये. डायमंड हिलच्या नान लियान बागेत ची लिन भिक्षुणीमठाचं शाकाहारी उपाहारगृह आहे, लानताउ बेटावर पो लिन मठात जेवण मिळतं.

फोनवरच्या भाषांतरावरही विसंबू नका. 'शेतातली कोंबडी' म्हणजे बेडूक आणि 'पाण्यातला मासा' म्हणजे मऊ पाठीचं कासव.

बाकीच्या फुटकळ

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, मृतांपुढच्या उदबत्त्या तशाच दिसतात.

दोन जोड्या ठेवल्या असतील तर एक वाढून घ्यायची, एक खायची.

फिरती तबकडी कोणी वाढून घेत असताना फिरवू नका.

हार गाउ सोया सॉसमध्ये बुडवू नका. स्प्रिंग रोल आणि बीफच्या गोळ्यांसोबत मिळणारा काळा आंबट सॉस मात्र जरूर घ्या. तो वूस्टरशायर आहे, इंग्रजांच्या काळातला.

मंचुरियन आणि शेजवान राइस विचारू नका. मंचुरियन मुंबईचं आहे, तिथल्या वेटरला ते माहीत नसणं हा त्याचा दोष नाही.

गर्दीत अनोळखी लोक तुमच्या टेबलावर येऊन बसले तर दचकू नका, जुन्या ठिकाणी तसंच चालतं.

वेटरला बोलवायला 'म् गोय', बिलाला 'माय दान'. खुणांचा कागद किंवा शिक्क्यांचं कार्ड सांभाळून ठेवा, बिल त्यावरूनच होतं. आणि बसल्याबसल्या न मागता आलेली शेंगदाण्यांची किंवा लोणच्याची बशी फुकट नसते. नको असेल तर हात लावण्याआधी 'म् यिउ' म्हणून परत द्या.