कढईतलं प्लास्टिकचं उलथणं : या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या आधी जाऊबाईंकडे फराळाला जमलो होतो. त्यांनी कपाटातून न उघडलेला एक खोका काढला. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी एकाच प्रदर्शनात घेतलेला, काळ्या नायलॉनच्या डाव-उलथण्यांचा संच. त्यांचा तसाच पडून होता, माझा रोजच्या वापरात. चिवडा हलवायला मी माझं उलथणं सोबत नेलं होतं, म्हणून सहज दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिली. माझ्या उलथण्याची पुढची कड चांगली नखभर आखूड झाली होती. एक कोपरा गोल झाला होता, आणि कडेवरून बोट फिरवलं की कुसळासारखे बारीक तंतू हाताला लागत होते. ती नखभर पट्टी कुठे गेली, हे कोणी सांगायची गरज नव्हती. पोह्यांतून, उपम्यातून, भाजीतून ती आमच्याच ताटांत गेली होती.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातलं प्लास्टिक एकेक करून हातात घेऊन पाहिलं. सगळं फेकायची गरज नाही. कोरड्या डाळीचा डबा, पीठ मोजायचं माप, भाजीची टोपली यांपासून धोका नगण्य आहे. प्रश्न येतो तो उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ यांच्याशी प्लास्टिकची गाठ पडते तेव्हा. आपल्या स्वयंपाकात तर ही चारही मंडळी एकाच कढईत भेटतात.

फोडणीत प्लास्टिक घालणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच. पाण्यात काहीही शिजवा, तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. फोडणीचं तेल मात्र मोहरी तडतडेपर्यंत सहज १७० अंशांवर जातं आणि रिकामा लोखंडी तवा मोठ्या आचेवर २५० अंशही ओलांडतो. आता प्लास्टिककडे बघा. पॉलीप्रॉपिलीन, म्हणजे डब्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं प्लास्टिक, १६० ते १६५ अंशांना वितळतं. उलथण्यांसाठी वापरलं जाणारं नायलॉन प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंशांना वितळतं, पण मऊ पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. म्हणजे तव्यावर धिरडं उलटताना आपण त्याला त्याच्या सहनशक्तीच्या टोकाशी नेऊन उभं करतो.

खोक्यावर ‘२१० अंशांपर्यंत उष्णतारोधक’ असं छापलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. त्याचा अर्थ इतकाच की तोवर वस्तूचा आकार बिघडणार नाही. तिच्यातून अन्नात काय उतरतं, हा वेगळा प्रश्न आहे. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये नायलॉनच्या, म्हणजे पॉलीअमाइडच्या, डाव-उलथण्यांबद्दल मत दिलं. या प्लास्टिकच्या लांब साखळ्यांचे काही लहान तुकडे, ज्यांना ऑलिगोमर म्हणतात, गरम अन्नात उतरतात आणि मोठ्या मात्रेत ते यकृत व थायरॉइडला अपायकारक ठरू शकतात. म्हणून ७० अंशांवरच्या अन्नाशी अशा वस्तूंचा संपर्क शक्य तितका थोडा ठेवा, असा त्यांचा सल्ला आहे. ७० अंश! आपल्याकडे वाढायला घेतलेली आमटीसुद्धा बऱ्याचदा त्याहून गरम असते.

यातच येणारी दुसरी सवय म्हणजे डाव भांड्यातच उभा ठेवून दुसऱ्या कामाला लागणं. दोन मिनिटं ढवळणं आणि वीस मिनिटं उकळत्या रश्श्यात बुडून राहणं यात फार फरक आहे. शेगडीशेजारी एक ताटली ठेवा, डाव त्यात. तुमचं उलथणं टोकाला वितळलेलं, खरखरीत, पांढुरकं किंवा चिकट झालं असेल, तर कड कापून, घासून ते पुन्हा वापरू नका. त्याचं काम संपलं.

काळ्या रंगाची गोष्ट, आणि तिच्यातली चूक

काळ्या प्लास्टिकच्या डावांत घातक रसायनं असतात, ते फेकून द्या, असा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. त्यामागचा अभ्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘केमोस्फिअर’ या शोधपत्रिकेत आला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या २०३ वस्तू तपासल्या गेल्या. ब्रोमीन, म्हणजे आग रोखणाऱ्या अनेक रसायनांतला घटक, जास्त निघालेल्या २० वस्तूंची पुढे नीट चाचणी झाली आणि त्यांतल्या १७ वस्तूंत आग लागू नये म्हणून टीव्ही आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कवचात घालतात ती रसायनं सापडली. जुन्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरलं जातं, वेगवेगळ्या रंगांचं ते मिश्रण काळं केलं की सगळं झाकलं जातं, आणि मग ते डावातही येतं, अशी ही वाट.

पण त्या अभ्यासात एक गुणाकार चुकला होता. ६० किलो वजनाच्या माणसासाठी, दर किलोला ७,००० नॅनोग्रॅम या हिशेबाने, यांतल्या एका रसायनाची दिवसाची सुरक्षित मर्यादा ४,२०,००० नॅनोग्रॅम येते. छापलं गेलं ४२,०००. त्यामुळे डावांमधून पोटात जाणारं अंदाजे ३४,७०० नॅनोग्रॅम हे प्रमाण मर्यादेच्या अगदी काठावर दिसलं. खरं तर ते तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतं. डिसेंबरमध्ये दुरुस्ती छापली गेली. घाबरवणारा मेसेज फिरला तितकी दुरुस्ती फिरली नाही, म्हणून मुद्दाम सांगते. काळ्या डावाने कालपर्यंत जेवलात म्हणून रात्री झोप उडवून घेऊ नका. तरीही अन्नाच्या भांड्यात टीव्हीच्या कवचातलं रसायन असण्याचं काहीच कारण नाही, आणि पर्याय हाताशी असताना ते का सोसायचं, हा माझा साधा प्रश्न आहे.

दिवसातून चार वेळा होणारी चूक : चहाची गाळणी

उलथण्याकडे तरी लक्ष जातं, गाळणीकडे कोणाचंच जात नाही. तिच्यातून आपण उकळता, आधणातून नुकताच उतरवलेला चहा ओततो. घरात चार माणसं असतील तर दिवसाला आठ-दहा कप. प्लास्टिकची गाळणी उजेडात धरून बघा. कडा तपकिरी, जाळी बसवलेल्या जागी बारीक चिरा, आणि चोथा झटकण्यासाठी आपण ती सिंकच्या काठावर आपटतो तिथे झिजलेली. स्टीलची गाळणी थोड्या पैशात मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. या महिन्यात एकच वस्तू बदलायची असेल तर उलथणं बदला, दोन बदलता आल्या तर दुसरी ही.

गरम पाण्याचा परिणाम किती, याचं एक मोजमाप आहे. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी पॉलीप्रॉपिलीनच्या बाळाच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा लिटरमागे १.६ कोटीपर्यंत सूक्ष्म कण मोजले गेले, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त. या कणांचं शरीरात नेमकं काय होतं यावर संशोधन अजून चालू आहे. पण बाळाचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात मिसळून, कोमट झाल्यावर बाटलीत ओतायला एक मिनिट लागतं.

थालीपीठ आणि दुधाची पिशवी

थालीपीठ धुतलेल्या दुधाच्या पिशवीवर थापायचं, ही आपल्या कितीतरी घरांतली रीत. गार पिठाला पिशवी लागली तर बिघडत नाही. पण थालीपीठ तव्यावर पालथं घालून पिशवी सोलून काढताना तिची कड तापलेल्या तव्याला टेकते आणि क्षणात आकसते. पिशवीचं पॉलिथिलीन साधारण ११० ते १३० अंशांतच वितळतं. तव्यावर काळसर चिकट रेघ उमटलेली दिसली तर ती हीच. जुन्या सुती धोतराचं ओलं फडकं घ्या, त्यावर थापा, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घाला आणि फडकं अलगद काढा. किंवा केळीचं पान. आमच्या आजीच्या घरी गार तव्यावरच तेल लावून थापायचे, मग तवा आचेवर. तेही उत्तम, फक्त प्रत्येक वेळी तवा निववावा लागतो.

पिवळा पडलेला डबा काय सांगतो

श्रीखंडाचा डबा संपल्यावर तो टाकवत नाही. मग त्यात उरलेली उसळ, रस्सा, मेथांबा. दोन दिवसांनी डबा पिवळा, आणि कितीही घासा, तो रंग जात नाही. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलासोबत प्लास्टिकच्या आत शिरतो. घासून तो निघत नाही, कारण तो वर नाही, आत आहे. अन्नातली वस्तू प्लास्टिकात जाऊ शकते, तर प्लास्टिकातली अन्नात येण्याचा रस्ताही तोच. उन्हात ठेवला की डाग फिका होतो, हे खरं. ऊन हळदीचा रंग मोडतं, पण डबा नवा करत नाही.

असे डबे एकदा श्रीखंड भरण्यासाठी, गार राहण्यासाठी बनवलेले असतात. त्यात कोरडा मसाला, सुटे बटण, शिवणाची रिळं ठेवा. गरम रस्सा नको. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. ‘मायक्रोवेव्हसेफ’ हा शिक्काही मुख्यतः डबा वाकणार-तडकणार नाही एवढंच सांगतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात, तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या काही प्लास्टिक डब्यांतून दर चौरस सेंटिमीटरला ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटले होते. काचेच्या वाडग्यात काढून गरम करा, वर ताटली झाका.

लोणच्याचं वेगळं सांगायला हवं का? मीठ, आंबट, तेल आणि वर्षभराचा मुक्काम. त्याला चिनीमातीची बरणी किंवा काच. दुसरा विचारच नको.

लेबल वाचून फसणं

नायलॉनच्या डावावर ‘बीपीए-फ्री’ लिहिलेलं असतं. बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल-ए हे अपायकारक मानलं जाणारं रसायन, मुख्यतः पॉलीकार्बोनेट नावाच्या कडक पारदर्शक प्लास्टिकात आणि डबाबंद अन्नाच्या आतल्या लेपात असतं. नायलॉनला त्याची गरजच नसते. म्हणजे जे तिथे नव्हतंच, ते नाही म्हणून आपल्याला दिलासा दिला जातो. तसंच ‘बांबू फायबर’च्या कप-ताटल्यांचं. बांबूच्या भुशाला धरून ठेवणारा गोंद बऱ्याचदा मेलामाइनचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा, असतो. मेलामाइनच्या भांड्यात ७० अंशांवरचं गरम अन्न नको आणि ती मायक्रोवेव्हमध्येही नकोत, कारण त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड सुटतं. सालाडला, फळांना खुशाल वापरा.

पर्याय घेताना होणाऱ्या चुका

आपल्या घरात ही काळी उलथणी आली कशी, ते आठवा. नॉनस्टिक तवा आला, त्यावर लोखंडी उलथणं चालेना, म्हणून ती आली. मग तवा खरवडून गेला तरी उलथणी राहिली आणि लोखंडी कढईतही फिरू लागली. तुमच्या घरी लोखंड, स्टील, बीड किंवा पितळ असेल, तर प्लास्टिक वापरायचं कारणच उरत नाही. तिथे स्टीलची पळी, लोखंडी उलथणं. नॉनस्टिकसाठी लाकूड किंवा सिलिकॉन.

सिलिकॉन चांगलं सोसतं, साधारण २२० अंशांपर्यंत, पण पेटत्या ज्वाळेला लावायचं नाही. पिळून पाहिलं आणि पांढरं पडलं तर भेसळीचं, असं सांगतात. ती खात्रीची कसोटी नाही. घ्यायचं तर नाव-पत्ता आणि तापमानमर्यादा छापलेलं घ्या. त्याला साबणाचा किंवा लसणाचा वास धरला तर पाण्यात दहा मिनिटं उकळा.

लोखंडाची तक्रार गंजाची असते. धुतल्यावर लगेच पुसा, आचेवर कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. आमसूल, चिंच, टोमॅटो घातलेली भाजी लोखंडात शिजवून तशीच ठेवली की काळी पडते आणि चवीला लोखंडी लागते. ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, शरीरात लोह साठत असेल, तर लोखंडी भांड्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. पितळेला कल्हई हवीच. आणि प्लास्टिक सोडून आंबट आमटी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात साठवणं हाही पर्याय नव्हे, आंबटाने तो धातू अन्नात उतरतो.

माझं स्वतःचं मन लाकडावर बसलं आहे. शिसव, बाभूळ, चिंच, आंबा, कशाचंही चालेल, फक्त एकाच तुकड्यातून कोरलेलं आणि पॉलिश नसलेलं. कोकणात करवंटीला दांडी बसवून केलेली डवली मिळते, आमटी वाढायला तिच्यासारखं काही नाही. नवं उलथणं आणलं की गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा. पाण्याला रंग आला किंवा वर चकचकीत पापुद्रा सुटला, तर त्यावर व्हार्निश आहे. परत करा.

लाकूड रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवू नका, धुवा आणि उभं करून वाऱ्यावर वाळवा. वास येत असेल तर मीठ आणि अर्ध्या लिंबाने चोळून उन्हात ठेवा. तंतू उभे राहिले तर बारीक पॉलिशपेपर फिरवा. महिन्यातून एकदा खाण्याच्या जवसाचं तेल चोळा, ते लाकडात मुरून घट्ट होतं. रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल चालत नाही, त्यात वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलाचं फडकं घडी करून कोपऱ्यात टाकू नका, तापून पेट घेऊ शकतं. लगेच धुऊन पसरून वाळत घाला. आणि लाकडाला खोल चीर गेली, आत काळं दिसू लागलं, तर तेही टाकायचं. ते मातीत जातं.