पायाशी पाणी, तरी पीक मलूल का?

दोन-तीन दिवसांची झड लागली, शेतात पाणी तुंबलं, की पानं माना टाकतात आणि खालची पिवळी पडतात. अशा वेळी हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. थोडं थांबा, कुदळ घ्या.

एक रोप उपटू नका, मातीसकट खणून काढा आणि मुळं हलक्या हाताने धुवा. टोकं पांढरी, टणक असतील तर जीव आहे. तपकिरी मूळ चिमटीत ओढल्यावर साल निसटून नुसता दोरा हाती आला, कुबट वास आला, तर ते कुजलं.

पानांत तयार झालेली साखर मुळांत उतरते, काही स्टार्च होऊन साठते. पण ती न मोडलेली मोठी नोट. पेशीचा रोजचा खर्च मोडीवर, म्हणजे सुट्ट्या पैशांवर, चालतो. ही मोड म्हणजे एटीपी, पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात, नसेल तर फक्त २. मूळ साखर भराभर उडवतं आणि तरीही उपाशी राहतं. पाण्यात ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू पसरतो, म्हणून तुंबलेल्या जमिनीत त्याची भरपाई होत नाही. त्यातच पेशीतली आम्लता वाढते, पाणी आत घेणाऱ्या वाटा मिटतात आणि पाण्यात उभं पीक सुकतं. भाताचं निराळं, त्याच्या खोडा-मुळांत हवेच्या पोकळ्याच असतात.

नत्र आत ओढायलाही एटीपी लागतं. त्यामुळे साचलेल्या पाण्यात टाकलेलं खत मुळांच्या दारातच राहतं, वाहून जातं किंवा वायू होऊन उडतं.

तेव्हा आधी उताराच्या टोकाला चर काढा. उघडीप होऊन कडक ऊन पडायची चिन्हं असतील तर आणखी घाई करा: तापमान १० अंशांनी वाढलं की मुळांचा श्वास जवळपास दुप्पट होतो, आणि ऑक्सिजन तेवढाच लवकर संपतो. कंदही मातीतच श्वास घेतात, म्हणून कंदपिकांचे वाफे सगळ्यांत आधी मोकळे करा.

ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका. दबलेल्या मातीत हवेला जागा उरत नाही. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टिचकी मारताच फुटला की वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला समजा. मग हलकी कोळपणी करा, खत त्यानंतरच द्या. तोवर पीक फारच पिवळं दिसत असेल तर १ टक्का युरिया, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. चार-पाच दिवसांनी पुन्हा एक रोप खणा आणि नवी पांढरी मुळं फुटलीत का पाहा.