इंदूरच्या गच्चीवर ड्रिप लावताय? पाईप नंतर घ्या, आधी टाकीची उंची मोजा

उन्हाळा लागला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत दोन प्रश्न हमखास निघतात, सुट्टीत पुण्याला की नागपूरला, आणि गेलो तर कुंड्यांना पाणी कोण घालणार. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन जाता येतं पण मे महिन्यात ४१-४२ डिग्रीत त्यांना रोज गच्ची चढायला लावणं काही बरं नाही, म्हणून मग ड्रिपचा (पाईपातून कुंडीत थेंबथेंब पाणी सोडायचा) विचार सुरू होतो आणि लोक सरळ ऑनलाईन किट मागवून मोकळे होतात. किट येतं, नळाला लावायचं कनेक्टर त्यात असतं, आणि आपल्याकडे नर्मदेचं पाणी कितीतरी कॉलन्यांत एक दिवसाआड, तेही थोडा वेळ. मग नळाला लावून करायचं काय? म्हणजे आपल्याकडे ड्रिप चालणार ते टाकीवर किंवा ड्रमवर, आणि टाकीवर चालवायचं म्हटलं की सगळं गणितच बदलतं. हे गणित डब्यावर लिहिलेलं नसतं आणि दुकानदारही सांगत नाही, तो म्हणणार "भिया, चार लीटर का ड्रिपर है, ले जाओ" आणि विषय संपला.

तर ते गणित आधी. ड्रिपरवर (कुंडीत थेंब सोडणाऱ्या छोट्या तोटीवर) ४ लीटर लिहिलंय म्हणजे तासाला ४ लीटर, पण ते साधारण १ बार प्रेशरला, आणि १ बार म्हणजे पाणी कुंडीपेक्षा जवळजवळ १० मीटर वर हवं. शेतात मोटर असते, तिथे हे प्रेशर आरामात मिळतं. आपला ड्रम जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर ठेवला तरी कुंड्यांपासून उंची अडीच मीटर, म्हणजे पाव बार. आता पाव प्रेशरला पाणी पाव होत नाही, साधारण अर्धं होतं (उंचीच्या वर्गमूळाच्या हिशोबात पाणी कमी होतं), म्हणजे तो ४ वाला ड्रिपर तुम्हाला तासाला २ लीटरच्या आसपास देणार. ड्रम नुसत्या स्टँडवर १ मीटर उंच असेल तर सव्वा लीटर. आणि त्याच ड्रममधून पाईप खाली अंगणात नेला तर, दुमजली घर असेल तर ७-८ मीटर उंची मिळते, तिथे तोच ड्रिपर साडेतीन लीटर देऊन मोकळा. म्हणून गच्ची आणि अंगण एकाच लाईनवर कधीच ठेवू नका, दोघांना वेगळे कॉक लावा, नाहीतर खालची जास्वंद पाण्यात उभी आणि वरचा मोगरा कोरडा.

आणखी एक, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (प्रेशर कमी-जास्त झालं तरी पाणी सारखंच देणारे) म्हणून महागातले मिळतात, लोक चांगले म्हणून तेच उचलतात. आहेतच चांगले, पण त्यांना चालायला साधारण अर्धा बार तरी लागतो, ड्रमवर ते नीट चालत नाहीत. गच्चीसाठी साधे फिरवून कमी-जास्त करायचे ॲडजस्टेबल ड्रिपर घ्या, किंवा सरळ ४ एमएमची बारीक नळी कुंडीत सोडा आणि तिच्या लांबीने पाणी कमी-जास्त करा, लांब नळी म्हणजे कमी पाणी. मला स्वतःला नळीवालं जास्त पटतं कारण त्यात बुजण्यासारखं फार काही नसतं.

आता सामान. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत टँक निपल (ड्रमच्या भोकात बसवायचा जोड), कॉक, बुशिंग सगळं मिळतं. ड्रिपचा १६ एमएमचा काळा पाईप, टी, एल्बो, एंड कॅप, पंच (पाईपाला भोक पाडायचा) आणि डमी (चुकलेलं भोक बुजवायची) हे मात्र शेतीच्या सामानाच्या दुकानात घ्या, निमाडात, म्हणजे खरगोन-बडवानीकडे, जाणं होत असेल तर तिथून आणा, कारण तिथे मिरची, केळी, पपई सगळी ड्रिपवर चालते आणि तिकडचं सामान उन्हात टिकणारं असतं. पाईप काळाच घ्या, पारदर्शक नळीत उजेड जातो आणि आत शेवाळ धरतं. फिल्टरवर पैसे वाचवू नका. १२० मेशचा जाळीचा फिल्टर, पाऊण इंची, एवढा पुरतो, डिस्कवाला मिळाला तर अजून छान.

ड्रिपसाठी घरच्या टाकीला हात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळा २०० लीटरचा निळा ड्रम ठेवा. तुम्ही बाहेरगावी असताना एखादा जोड निसटला तर जास्तीत जास्त ड्रम रिकामा होईल, घरची टाकी नाही. ड्रमला बॉल कॉक (भरला की पाणी आपोआप बंद करणारा) लावून घरच्या टाकीच्या भरणाऱ्या लाईनवर जोडला की नर्मदा आली की आपोआप भरतो. फक्त लक्षात ठेवा भरलेला ड्रम म्हणजे २०० किलोच्या वर वजन, तो स्लॅबच्या मधोमध नको, भिंतीवर किंवा बीमवर येईल असा ठेवा. झाकण घट्ट लावा, डास व्हायला वेळ लागत नाही.

जोडायचा क्रम असा. ड्रमला तळापासून दोन-तीन इंच वर भोक पाडून टँक निपल बसवा, अगदी तळाला नको, गाळ तिथे बसतो तो बसू दे. मग कॉक, मग फिल्टर, मग टायमर लावायचा असेल तर टायमर, आणि त्यानंतर १६ एमएमचा पाईप. फिल्टर टायमरच्या आधीच हवा, गाळ टायमरच्या आत गेला की तो अर्धवट उघडाच राहतो. पाईप कडक असतो म्हणून जोडायच्या आधी त्याचं टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, मग टी एल्बो लोण्यासारखे आत जातात, तेल किंवा साबण लावू नका, नंतर निसटतं. कुंड्यांच्या रांगेतून पाईप फिरवा आणि शक्य असेल तर त्याची दोन्ही टोकं जोडून रिंग करा, शेवटच्या कुंडीलाही पहिल्याइतकं पाणी मिळतं. एक मात्र पाहा, पाईप कुठे दाराच्या चौकटीवरून किंवा कठड्यावरून वर चढून परत उतरत नाही ना, तिथे हवा अडकते आणि कमी प्रेशरला पाणी ती ढकलू शकत नाही, मग पुढच्या सगळ्या कुंड्या सुक्या आणि तुम्ही ड्रिपर उघडून बघत बसता. पंचाने भोक पाईपच्या बाजूला किंवा वर पाडा, खालच्या अंगाला नाही, आणि चुकीच्या जागी पडलंच तर डमी ठोकायची. बारीक नळीचं तोंड मातीत खुपसू नका, बोटभर वर राहू द्या, कारण पाणी बंद झालं की नळी उलट ओढते आणि चिखल आत जातो.

आता खरं काम, मोजणं. अर्धा भरलेला ड्रम घ्या (पूर्ण भरलेला आणि तळाला आलेला यांचा वेग वेगळा असतो म्हणून मधला), पाणी सुरू करा, कुंडीत सोडायच्या नळीखाली वाटी धरा आणि बरोबर ६ मिनिटं पाणी जमा करा. जितके मिलीलीटर आले त्याला १०० ने भागा, तितके लीटर तासाला. २०० मिली आले म्हणजे तासाला २ लीटर. रांगेतली पहिली, मधली आणि शेवटची, तीन कुंड्या मोजल्या तरी अंदाज येतो. १२ इंची कुंडीतल्या मोगऱ्याला, गुलाबाला मे महिन्यात रोज एक ते दीड लीटर लागतं, थंडीत त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे २ लीटरवाला ड्रिपर उन्हाळ्यात अर्धा ते पाऊण तास. टोमॅटो वांगी फळावर असतील तर जास्त. कोरफड, अडेनियम, स्नेक प्लांट यांना लाईनवर घेऊच नका, सडतात.

माती कोणती यानेही फरक पडतो. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि ते आडवं पसरतं, पण एकदा पूर्ण वाळली की भेगा पडतात, कडेने सुटते आणि पाणी भेगेतून थेट खाली बशीत. अशा कुंडीला ड्रिप लावायच्या आधी हाताने भरपूर पाणी घालून माती परत फुगवून घ्या, मगच ड्रिपवर टाका. उलट कोकोपीट आणि गांडूळखताचं हलकं मिश्रण असेल तर पाणी ड्रिपरच्या खालीच सरळ उतरतं, पसरत नाही. तिथे मोठ्या कुंडीला दोन टोकांना दोन नळ्या द्या आणि एकदम पाऊण तास चालवण्यापेक्षा दोनदा विभागून चालवा, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. वरून माती ओली दिसली म्हणून भुलू नका, बोट दोन पेरं आत घालून बघा.

टायमरबद्दल. सेलवर चालणारे नळाचे टायमर दोन तऱ्हेचे, सोलेनॉइड वाले (विजेच्या चुंबकाचा व्हॉल्व्ह असलेले) आणि बॉल व्हॉल्व्ह वाले (छोटी मोटर आतला गोळा फिरवून उघडझाप करते ते). बरेचसे सोलेनॉइड वाले पाण्याच्या प्रेशरच्या जोरावर उघडझाप करतात, आपल्या ड्रमच्या पाव बारला ते उघडत नाहीत किंवा नीट बंद होत नाहीत. घेताना "झीरो प्रेशर" किंवा बॉल व्हॉल्व्ह लिहिलंय का तेवढं बघा. वेळ पहाटे साडेपाच-सहाची ठेवा, कारण दुपारी उन्हात पडलेल्या काळ्या पाईपातलं पाणी एवढं तापतं की मुळं शेकून निघतील.

बाहेरगावी जाणार असाल तर हिशोब साधा. ३० कुंड्या, कुंडीला १ लीटर, रोजचे ३० लीटर, म्हणजे २०० लीटरचा ड्रम सहा-साडेसहा दिवस. त्यापेक्षा जास्त दिवस जायचं असेल तर ड्रम भरत राहणारी लाईन हवीच, किंवा कुंड्या सावलीत ओढून ठेवा, वर सुका पाला अंथरा, गरज बरीच कमी होते. निघायच्या आदल्या दिवशी लावून जाऊ नका, आठवडाभर आधी चालू करून बघा. ज्यांच्याकडे चार-पाचच कुंड्या आहेत त्यांना एवढा पसारा नकोच. सलाईनचा सेट नवा आणायचा, वापरलेला नको, बाटली उलटी टांगायची, चाकाने थेंब कमी-जास्त करायचे. आपल्या झाबुआच्या शेतकऱ्यांनी सलाईनच्या बाटल्यांवर शेतातली भाजी जगवली होती, तुमची तुळस काय घेऊन बसलात.

देखभालीत पाण्याची जात बघा. नर्मदेचं पाणी असेल तर त्रास कमी, पण बोरिंगचं असेल तर क्षार फार, ड्रिपरच्या तोंडाला पांढरा थर धरतो. ते काढून रात्रभर लिंबूसताच्या किंवा सिरक्याच्या (व्हिनेगरच्या) पाण्यात टाका, सकाळी ब्रशने निघतं. बाथरूमचं ॲसिड नको, आणि ॲसिड आणि ब्लीच कधीच एकत्र नको, त्यातून विषारी वायू निघतो. महिन्यातून एकदा एंड कॅप काढून पाईपातून पाणी मोकळं वाहू द्या (रिंग केली असेल तर एक टी सोडवून), आणि फिल्टरची जाळी धुवा. जीवामृत, खळीचं (पेंडीचं) पाणी वगैरे ड्रिपमधून द्यायचा मोह होतो, देऊ नका, कितीही गाळलं तरी बुजतं, ते मगानेच घाला.

आणि खारी. उन्हाळ्यात त्या पाण्यासाठी पाईप कुरतडतात, बारीक नळी तर आवडीने, औषधं वगैरे काही मारू नका, कठड्यावर पाण्याचं मातीचं भांडं भरून ठेवा, त्यांचं लक्ष तिकडे जातं. जूनच्या शेवटी पाऊस बसला की कॉक बंद करा, टायमरचे सेल काढून ठेवा नाहीतर दमटपणात गळतात, ड्रम रिकामा करून उपडा घाला आणि फिल्टर उघडून वाळवा. पाईप जागेवरच राहू दे, ऑक्टोबरमध्ये परत लागतोच, तेव्हा एकदा परत ६ मिनिटांची वाटी धरा कारण चार महिन्यांत कुठेतरी काहीतरी बुजलेलं असतंच.