सर आणि विद्यार्थी एकाच मंचावर: विद्यापीठात विचारमंच भरवताना

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच संध्याकाळी, एकाच मंचावर आपापला एक विचार मांडतात, असा कार्यक्रम आमच्याकडे गेली नऊ वर्षं होतो आणि त्याचं संयोजन माझ्याकडे आहे. मला कुणाचे पेपर तपासायचे नसतात, कुणाच्या हाताखाली प्रबंधही लिहायचा नसतो. हे काम माझ्याकडे टिकलं ते बहुधा त्यामुळेच. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याच्यासमोर माणूस मनातलं बोलत नाही. कार्यक्रमात बाकी काही चुकलं तर सावरून घेता येतं. हे एक विसरलं, तर सरांना आवडतील असेच विचार मंचावर येतात.

पहिल्या वर्षी आम्ही नेमकं हेच विसरलो. प्राध्यापकांना वीस मिनिटं दिली, विद्यार्थ्यांना सात. प्राध्यापक आधी, विद्यार्थी शेवटी. प्राध्यापकांची ओळख करून देताना पदव्या, शोधनिबंध, पुरस्कार; विद्यार्थ्यांची ओळख ‘द्वितीय वर्ष, कला शाखा’ एवढीच. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण शेवटची मुलगी उभी राहिली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. तिचा भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण असतं, ती बोलल्या जाणाऱ्या भाषेची नक्कल नव्हे, हे ती दोन्ही हातांनी वाक्यं करून दाखवत होती. त्या संध्याकाळचा सगळ्यात नवा विचार तिचा होता आणि तो ऐकायला माणसं उरली नव्हती. ते मला अजून लागून आहे.

तेव्हापासून पहिला नियम: वेळ सगळ्यांना सारखी. कुलगुरू बोलणार असतील तरी तेवढीच.

किती वेळ द्यायची, हे आपल्या सभागृहाकडे बघून ठरवा. १९८४ साली सुरू झालेल्या, छोट्या भाषणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेड परिषदेतली अठरा मिनिटांची मर्यादा सगळ्यांना माहीत आहे, पण नवख्या वक्त्याला अठरा मिनिटं पेलत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली संशोधक विद्यार्थ्यांसाठी ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धा सुरू केली. तीन मिनिटं आणि एकच न हलणारी स्लाइड. त्या काळात तिथे दुष्काळ होता, लोकांनी आंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून वाळूची छोटी घड्याळं वापरली जात होती. कल्पना तिथून आली. टोकियोत २००३ साली दोन वास्तुरचनाकारांनी सुरू केलेल्या ‘पेचा कुचा’ या सादरीकरणाच्या पद्धतीत वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. आम्ही दहा मिनिटांवर स्थिरावलो. आठ वक्ते, म्हणजे ऐंशी मिनिटं भाषणांची, तितकीच नाही पण निदान चाळीस मिनिटं प्रश्नांची. यापेक्षा जास्त वक्ते घेऊ नका. प्रश्नांची वेळ कापून नववा वक्ता बसवायचा मोह दरवर्षी होतो, तो टाळा.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगते. टेडच्या धर्तीवर ठिकठिकाणी होणाऱ्या कार्यक्रमांचं ‘टेडएक्स’ हे नाव वापरायचं असेल तर टेडचा परवाना लागतो आणि त्यांच्या अटी पाळाव्या लागतात. वक्त्यांना मानधन देता येत नाही ही त्यातली एक. स्वतःचं नाव ठेवलं तर स्वतःचे नियम करता येतात. आम्हाला तेच सोयीचं पडलं.

वक्ते निवडताना ‘विषय कळवा’ असं कधीही लिहू नका. विषय मागितला की ‘हवामानबदल’, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, ‘तरुणाई आणि समाज’ असे मोठे मोठे शब्द येतात आणि त्यावरून कुणाला काय म्हणायचंय ते कळत नाही. आमच्या अर्जात दोनच प्रश्न आहेत. तुमचं म्हणणं एका पूर्ण वाक्यात लिहा. आणि या वाक्याशी कोण असहमत होईल, का? दुसऱ्या प्रश्नाला ‘कुणीच नाही’ असं उत्तर आलं तर तो विचार बहुतेक वेळा अजून विचार झालेला नसतो, सदिच्छा असते. अशा अर्जदाराला मी परत पाठवत नाही. बोलावते, अर्धा तास बसते, आणि त्याला खरंच काय खटकतंय ते विचारते. दोनतीनदा तिथूनच सर्वांत चांगली भाषणं निघाली आहेत.

अर्ज निवड समितीसमोर ठेवताना नाव, विभाग, हुद्दा झाकून टाका. समितीत विद्यार्थी हवेत, शिक्षक हवेत आणि कार्यालयातलं किंवा प्रयोगशाळेतलं कुणीतरी हवंच. अर्थात शैलीवरून प्राध्यापक ओळखू येतो, हे खरं. तरीही नाव समोर नसलं की ‘यांना नाही कसं म्हणायचं’ हे ओझं उतरतं. निवड झाल्यावर मग नावं उघडायची आणि बघायचं: सगळे एकाच शाखेचे तर नाहीत ना, एकमेकांची री ओढणारे तर नाहीत ना. परस्परविरोधी बोलणारे दोघे मिळाले तर भाग्य समजा आणि त्यांना लागोपाठ ठेवा.

आता तालीम. सगळा जीव इथे ओता.

तालमीचे गट चौघांचे करा, दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक, पण एकाच विभागाचे कुणीही नकोत. ज्या मुलीला त्या सरांच्या हातून पुढच्या महिन्यात गुण मिळणार आहेत ती ‘सर, तुमचा मधला भाग कंटाळवाणा झाला’ असं म्हणणार नाही, आणि आपण तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. तीन बैठका पुरतात. पहिली बसून, स्लाइडशिवाय. दुसरी उभं राहून, घड्याळ लावून. तिसरी प्रत्यक्ष सभागृहात, माइक आणि दिव्यांसकट. ऐकणाऱ्यांसाठी नियम एकच: सूचना करण्याआधी ‘मला समजलं ते असं’ म्हणून एक वाक्य सांगायचं.

हे वाक्य काय करतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वनस्पतिशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक दगडफुलावर बोलणार होते. खडकावर, झाडाच्या सालीवर करड्या-हिरव्या पापुद्र्यासारखं वाढतं ते. त्यांनी वर्गीकरणाच्या इतिहासापासून सुरुवात केली. भाषण संपल्यावर कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, “सर, मला समजलं ते असं: दगडफूल हा एक जीव नाहीच, बुरशी आणि शेवाळ या दोघांचा तो संसार आहे. पण हे मला सातव्या मिनिटाला कळलं.” सर गप्प झाले. मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. कार्यक्रमात त्यांनी त्याच वाक्याने सुरुवात केली, आणि तिथून गेले थेट सायमन श्वेंडेनरकडे. या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हेच सांगितलं, तेव्हा दगडफुलांच्या त्या काळच्या अनेक अभ्यासकांनी ते मानायला नकार दिला होता.

त्याच बैठकीत पुढची पाळी त्या मुलीची. तिचं म्हणणं होतं, मोबाइलवर अटी न वाचता ‘मला मान्य आहे’ वर बोट ठेवणं याला कायद्याने संमती म्हणू नये. सरांनी विचारलं, “तू स्वतः वाचतेस का?” ती म्हणाली, “नाही.” “मग तिथूनच सुरू कर.” तिने तसंच केलं. दोघांनाही एकमेकांच्या विषयातलं काही येत नव्हतं, म्हणूनच हे जमलं असं मला वाटतं.

मजकूर किती लिहायचा, असं सगळे विचारतात. आपला मजकूर नेहमीच्या गतीने एक मिनिट मोठ्याने वाचा, शब्द मोजा, त्याला दहाने नव्हे, आठाने गुणा. उरलेली दोन मिनिटं थांबण्यात, हसण्यात, श्वासात जातात. पाठांतर सुरुवातीच्या आणि शेवटच्या चार वाक्यांचंच करा. पूर्ण पाठ केलेलं भाषण एका शब्दावर अडलं की सगळंच निसटतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सगळ्यांच्या स्लाइड आदल्या दिवशी एकाच लॅपटॉपवर घ्या आणि तिथेच उघडून बघा. देवनागरी फाँट दुसऱ्या संगणकावर हमखास तुटतो, जोडाक्षरं सुटी होतात, म्हणून पीडीएफ प्रत जवळ ठेवाच. शेवटच्या रांगेत बसून वाचता येत नाही ते अक्षर मोठं करा. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, ओढणी आणि गळ्यातल्या साखळीपासून दूर. सेल नवे, आणि जास्तीचे सेल मंचाच्या बाजूला उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या खिशात. वेळ दाखवायला पहिल्या रांगेत ‘५’, ‘२’, ‘१’ असे मोठे कागद पुरतात.

ओळख दोन वाक्यांची. हुद्दा नको. त्या माणसाला हा प्रश्न कुठे भेटला, एवढंच निवेदकाने सांगायचं. क्रम लावताना शिक्षक-विद्यार्थी-शिक्षक अशी शिस्तबद्ध आलटापालट करू नका, ती लोकांच्या लक्षात येते. विचार एकमेकांना कसे भिडतात ते बघून लावा. पहिली रांग मान्यवरांसाठी राखून ठेवू नका. तिथे वक्ते बसू देत.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न कुणाचा, याला मी फार जपते. २०१८ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. दहा देशांतल्या पस्तीस संस्थांमधली २४७ व्याख्यानं निरीक्षकांनी बसून पाहिली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर पुढे स्त्रियांच्या प्रश्नांचं प्रमाण कमी राहतं, असं त्यात दिसलं. मला विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच दिसत आलंय. विभागप्रमुखांनी आधी माइक घेतला की मागच्या रांगा मिटून जातात. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न नेहमी विद्यार्थ्याचा, आणि दोन भाषणांनंतर सगळ्यांना दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला देतो. शेजाऱ्याला एकदा सांगून झालेला प्रश्न सभागृहात विचारायला तितकी भीती वाटत नाही. ज्यांना तरीही उभं राहायचं नसतं त्यांच्यासाठी चिठ्ठ्या. निवेदकाने चिठ्ठी आहे तशी वाचायची, सुधारून नाही.

असहमती आली तर तिला वेळ द्या. प्रश्नाच्या नावाखाली कुणी भाषणच सुरू केलं तर निवेदकाने मिनिटभराने नम्रपणे विचारावं, “यातला प्रश्न कोणता?” आणि वक्त्याच्या शिक्षणावर, वयावर बोट ठेवलं गेलं तर तिथल्या तिथे थांबवावं, समोर कितीही मोठं माणूस असो. हे निवेदकाशी आधी बोलून ठेवा. ऐनवेळी धीर होत नाही. चित्रफीत करणार असाल तर प्रत्येक वक्त्याची लेखी संमती आधी घ्या, आणि नंतर त्याला ती नको वाटली तर काढून टाकायची तयारी ठेवा. एकविसाव्या वर्षी मांडलेलं मत तिसाव्या वर्षीही चिकटून राहावं, असं कुणावर लादू नये.

दाराशी एक टेबल, कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेनं ठेवा. ‘मला म्हणायचंय की…’ एवढंच वर छापलेलं. बाहेर पडताना लोक थांबतात, भिंतीला टेकून लिहितात. मागच्या वर्षीच्या एकतीस चिठ्ठ्यांपैकी पाच वक्ते यंदाच्या पहिल्या बैठकीला आले. त्यातली एक चिठ्ठी सभागृहाचे दिवे सांभाळणाऱ्या मामांची होती.